नव्या गाडीला जुना गंज : छोट्या गाडीवर खोट्या गंजाचं रंगकाम कसं करावं

खोट्या गंजाचं पितळ उघडं पडतं ते बहुतेक वेळा जागेवरून. तपकिरी-नारिंगी रंग कुठेही मिळतात आणि स्पंजाने ठिपके मारणं शाळकरी मुलालाही जमतं. तरी अशा बहुतेक गाड्या लांबूनच ओळखू येतात, कारण गंज जिथे कधी धरलाच नसता तिथे तो काढलेला असतो: दाराच्या ऐन मध्यावर, छताच्या माथ्यावर, आणि प्लास्टिकच्या बंपरवर तर हमखास. खरा गंज पाण्याच्या वाटेने जातो. पाणी जिथे अडतं, मुरतं, वाळायला वेळ लावतं तिथे तो धरतो आणि तिथून खाली ओघळतो. एवढं पक्कं डोक्यात असेल तर साध्या सामानातही काम उभं राहतं.

हा लेख धावत्या, चांगल्या स्थितीतल्या छोट्या गाडीसाठी आहे. आजच्या गाड्यांच्या पत्र्याला बहुतेक ठिकाणी जस्ताचा मुलामा असतो. त्यावर अख्खा सांगाडा टाकीत बुडवून विजेच्या साहाय्याने बसवलेला प्रायमर, मग आणखी प्रायमर, मग रंग आणि सगळ्यात वर क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक संरक्षक थर (पुढे नुसता 'क्लिअर'). प्रायमरपासून क्लिअरपर्यंतची जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरते, म्हणजे मिलिमीटरचा दहावा भाग किंवा जरा जास्त. गाडीचं कवच ते एवढंच. आपलं सगळं नाटक या कवचाच्या वर करायचं. त्याला कुठेही भोक पाडायचं नाही. पत्रा उघडा करून त्यावर मिठाचं पाणी मारून 'अस्सल' गंज आणणारे हौशी लोक आहेत. त्यांचा गंज खरंच अस्सल असतो, आणि तो सांगितलं म्हणून थांबत नाही.

ब्रश हातात घेण्याआधी

अनेक देशांत गाडीचा रंग नोंदणीच्या कागदावर लिहिलेला असतो आणि तो बदलला तर कळवावं लागतं. आपल्याकडचा नियम आधी बघून घ्या. विमा कंपनीलाही लेखी कळवा. त्याचं कारण व्यवहारी आहे: अपघातानंतर पाहणीला आलेल्या माणसाला ही गाडी हेळसांड झालेली वाटू शकते, आणि आधी न सांगितलेल्या खास रंगकामाचा खर्च दाव्यात धरला जाईलच असं नाही. काम सुरू करण्याआधी चारही बाजूंचे फोटो काढून ठेवा. गाडी कर्जावर किंवा भाडेकरारावर असेल तर करारही वाचा. रंगाची आणि गंजाची कंपनीची हमी या कामानंतर टिकेल असं धरू नका.

दुसरा प्रश्न स्वतःला विचारा: हे कायमचं हवं आहे का? नसेल तर छापील विनाइल रॅप हा सरळ मार्ग. फोटोतला गंज चिकटवला, कंटाळा आला की काढला. जवळून पाहिल्यावर तो सपाट दिसतो आणि दोन्ही दारांवर एकच डाग आला की सोंग कळतं, पण मूळ रंग सुरक्षित राहतो. सोलून काढता येणारे रबरी कोटही असतात. त्यांच्यावर घासकाम जमत नाही, त्यामुळे थरातून थर उघडा करण्याची मजा तिथे नाही. पुढचं सगळं खऱ्या रंगाने केलेल्या कायमच्या कामाबद्दल आहे.

तिसरी गोष्ट, भंगारातून एक बॉनेट किंवा दार मिळवा. सगळे थर, सगळी रसायनं, अगदी शेवटचा क्लिअरसुद्धा आधी त्यावर. वेगवेगळ्या जातीचे रंग एकमेकांवर चढवताना खालचा थर सुरकुतणं हा या कामातला सगळ्यात महागडा अपघात आहे, आणि तो होणार की नाही हे डबा वाचून पूर्ण कळत नाही.

ऊन, पाणी, हात आणि खडी

या टप्प्यावर घाई करू नका. माझ्या मते निम्मं काम इथेच होतं. खऱ्या जुन्या गाड्यांसमोर उभं राहून बघा, फोटो काढा. दुसऱ्यांनी केलेल्या खोट्या गंजाचे फोटो बघू नका, नकलेची नक्कल होते.

ऊन वरून पडतं. म्हणून बॉनेट, छत, डिकीचा वरचा भाग आणि मडगार्डचे खांदे आधी फिके पडतात. जुन्या काळच्या, क्लिअर नसलेल्या रंगात उन्हाने रंग बांधून ठेवणारं द्रव्य मोडतं आणि वरचा थर खडूसारखा भुकटी होतो; बोट फिरवलं तर बोटाला रंग लागतो. लाल रंग गुलाबीकडे जातो, गडद निळा दुधाळ होतो. दारांचे उभे पत्रे मात्र बऱ्यापैकी मूळ रंग धरून राहतात. वर्षानुवर्षं पॉलिश झालेल्या गाडीवर उंचवट्यांच्या धारा सगळ्यात आधी झिजतात आणि तिथे प्रायमरची रेघ डोकावते. तिथे गंज असेलच असं नाही.

पाणी अडतं कुठे? पुढच्या काचेच्या खाली वायपरजवळ, मागच्या काचेच्या रबराभोवती, छताच्या जोडावर, आरशाच्या बुडाशी, पेट्रोलच्या झाकणाभोवती, चाकाच्या कमानीच्या आत वळलेल्या ओठावर, आणि सगळ्यात जास्त दारांच्या तळाशी. दाराच्या खालच्या कडेला पाणी जाण्याची भोकं असतात. ती चिखलाने बुजली की पाणी आत साचतं आणि पत्रा आतून खात येतो. म्हणून दाराचा गंज खालून वर चढतो आणि त्याची वरची कड जळालेल्या कागदासारखी वेडीवाकडी असते. सरळ पट्टा काढला की संपलं.

हात जिथे रोज लागतो तिथे गंज टिकत नाही, कारण घर्षणाने जागा सारखी पुसली जाते. कडीभोवती, डिकीच्या ओठावर, चालकाच्या खिडकीच्या काठावर कोपर टेकतं तिथे गुळगुळीत झिजलेला करडा धातू दिसायला हवा, आणि त्याभोवती प्रायमरची बारीक कडा. चालकाच्या बाजूला हे जास्त, शेजारच्या बाजूला कमी, मागच्या दारांना जेमतेम. नुसत्या या फरकानेही बघणाऱ्याला पटतं की गाडी कुणीतरी वापरली आहे.

खडी पुढून उडते. बॉनेटची पुढची कड, काचेच्या दोन्ही बाजूंचे खांब, आणि मागच्या चाकाच्या पुढचा भाग इथे बारीक टवके येतात. ते एकसारखे नसतात: चार जवळजवळ, मग मोकळी जागा, मग एक मोठा.

आता गाडीला एक बाजू ठरवा. ही गाडी वर्षानुवर्षं कुठल्या कुशीवर ऊन खात उभी होती? ती बाजू फिकी, दुसरी ओलसर आणि गंजाकडे झुकलेली. दोन्ही बाजू आरशातल्या प्रतिमेसारख्या जुळल्या की डोळ्याला खटकतंच. सगळं मिळून गंज गाडीच्या पाचव्या भागाच्या वर जाऊ देऊ नये असं मी म्हणेन. बाकी काम फिक्या, दमलेल्या रंगाने करायचं. गाडीचे चारही बाजूंचे फोटो फिके छापून त्यावर पेन्सिलीने हे सगळं आखा. तो कागद कामाच्या जागी भिंतीवर हवा.

आणि कथा कुठली? गोल घाटाच्या छोट्या गाडीला १९६० च्या दशकातल्या फिक्या, एकरंगी रंगाचं सोंग शोभतं: मळका पांढरा, पिस्ता, फिका निळा, विटकरी. धारदार रेघांच्या गाडीला ते ओढूनताणून वाटतं. तिथे 'हीच गाडी तीस वर्षांनी' ही कथा बरी, म्हणजे क्लिअरचे पोपडे सुटलेलं छत, खडीचे टवके आणि कमानींवर गंज. चंदेरी कण असलेला मेटॅलिक रंग पहिल्या कथेसाठी टाळा.

तयारी

गाडी धुवा, चिकटलेला डांबर आणि राळ काढा, मग मेण-तेल काढणाऱ्या द्रावणाने पुसा. हे पुसणं घासण्याच्या आधी झालं पाहिजे. नंतर केलं तर घासताना मेण ओरखड्यांत दाबलं जातं आणि रंग माशाच्या डोळ्यासारखे खड्डे धरतो. नावपट्ट्या, कड्या, आरसे, वायपर, दाराचे रबर जे निघतं ते काढा. न निघणाऱ्या रबराखाली दोरी सरकवून ते उचलून धरा, म्हणजे रंगाची कड उघडी राहून पुढे सोलत नाही.

गाडीवर कुठे खरा गंज असेल तर तो आत्ताच संपवायचा: पत्रा चकचकीत होईपर्यंत घासून त्यावर इपॉक्सी प्रायमर. खऱ्या गंजावर खोटा गंज काढणं म्हणजे दुखणं झाकणं.

मूळ क्लिअर ४०० नंबरच्या घासकागदाने (सँडपेपरने) एकसारखा मंद करा. कडा आणि खाचा राखाडी घासणी पॅडने. चमक उरली की तिथून पोपडा निघणार. कडांवर कागद जपून, कारण तिथे मूळ रंग सगळ्यात पातळ असतो. काचा, दिवे, चाकं, क्रमांकाची पाटी आणि कॅमेरे झाका. दाराच्या आतल्या चौकटीचं काय करायचं तेही आता ठरवा. मला आतली चौकट मूळ रंगात ठेवलेली आवडत नाही, दार उघडताच सोंग गळून पडतं. पण ती रंगवायची तर निम्मी गाडी खोलावी लागते. मधला मार्ग म्हणजे वरच्या रंगाची छटाच मूळ रंगाच्या जवळची निवडायची.

श्वासाबद्दल इथेच सांगतो. हार्डनर घालून वापरायच्या टू-के रंगांत आणि क्लिअरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याने दमा जडू शकतो, आणि एकदा शरीर त्याला बिथरलं की पुढे थोड्याशा वासानेही त्रास होतो. कापडी मास्क इथे निरुपयोगी आहे. बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मुखवटा, हातमोजे, अंगभर कपडे आणि हवा खेचणारा बूथ हवा. हे नसेल तर टू-के फवारण्याचं काम रंगाऱ्याच्या बूथमध्ये करून घ्या आणि स्पंज, घासणं, ओघळ ही कलाकुसर स्वतःकडे ठेवा. रंगाऱ्याला आधी नीट समजावून सांगा, नाहीतर तो भल्या मनाने तुमच्या गंजावर पुट्टी भरून ठेवेल.

थर उलटे लावायचे

खऱ्या गाडीत आत धातू, त्यावर प्रायमर, त्यावर रंग. गंज मधे घुसतो, त्याच्याभोवती प्रायमरचं कडं उघडं पडतं, त्याबाहेर रंग. आपण हे उलट्या वाटेने गाठणार: गंज आधी, प्रायमरचा रंग नंतर, गाडीचा रंग शेवटी, आणि मग घासत खाली यायचं.

पहिला हात गडद करड्या इपॉक्सी सीलरचा, सगळीकडे, पातळ. तो पकड देतो आणि पुढे झिजलेल्या जागी उघड्या धातूचं कामही करतो. तो सुकला की आखणीनुसार गंजाच्या जागी काळपट तपकिरी रंग. हा डाग अंतिम डागापेक्षा दीडपट मोठा घ्या. वरून झाकला जाणारच आहे. कड फवाऱ्याने विरळ सोडा, टेप लावून रेघ पाडू नका.

आता स्पंज. आंघोळीचा स्पंज हाताने फाडा, कापू नका; कापलेली कड ठसा उठवते. गंजाच्या छटा चार पुरतात: काळपट तपकिरी, लालसर तपकिरी, नारिंगी, आणि अगदी थोडा पिवळट मातकट. क्रम गडदकडून फिक्याकडे. जुना, खोल गंज गडद असतो आणि ताजा गंज नारिंगी, म्हणून नारिंगी हा पसरणाऱ्या कडेला आणि ओलीच्या जागी येतो, मध्यावर नाही. सगळीकडे नारिंगी मारलेली गाडी फळासारखी दिसते. स्पंज रंगात बुडवून आधी कागदावर जवळजवळ कोरडा करायचा, मग मनगट फिरवत हलके टेकवायचा. एकाच बाजूने दोनदा टेकवलं तर ठसा ओळखू येतो. मधेच जुन्या टूथब्रशने बारीक शिंतोडे उडवा.

हे रंग पाण्यातले ॲक्रिलिक चालतात, मात्र पातळ थरात आणि पुढचा थर देण्याआधी पूर्ण दिवसभर वाळवून. चित्रकाराचे तैलरंग वापरू नका. ते वाळायला आठवडे घेतात आणि वर क्लिअर पडला की सुरकुततात. गेरू, सिएना, अंबर हे मातीचे रंग मुळात लोखंडाच्या ऑक्साइडचेच असतात, त्यामुळे त्यांची भुकटी विकत मिळाली तर ती ओल्या पारदर्शक थरावर चिमटीने भुरभुरवा. खरखर आणि रंग दोन्ही मिळतात, आणि रसायनाच्या हिशेबाने तो खोटा गंजही नाही. खरखर थोडीच ठेवा. उंच खडबडीतपणा वरच्या क्लिअरमधून बोचकारतो आणि धुताना फडकं अडकतं.

गंज मनासारखा झाला की त्यावर पारदर्शक मधला कोट, म्हणजे बेस कोटच्या (क्लिअरखाली येणाऱ्या रंगाच्या) जातीचाच रंगहीन थर, एक हात. पुढे घासताना कागद जरा जास्त चालला तर तो या थराला खातो, गंजाला नाही. अनेकजण ही पायरी गाळतात आणि मग गंज पुन्हा काढत बसतात.

मग रेड ऑक्साइडच्या छटेचा थर, डागांच्या कडांवरून आणि उंचवट्यांच्या धारांवरून. जुन्या गाड्यांत असा लालसर तपकिरी प्रायमर खूप दिसतो, म्हणून नजरेला तो पटतो. गेट-ग्रिलला लावायचा स्वस्त रेड ऑक्साइड मात्र इथे नको. तो अल्किड, म्हणजे साध्या तेलकट ऑइल पेंटच्या जातीचा असतो आणि वरच्या टू-के रंगातल्या जहाल थिनरने फुगून येतो. इपॉक्सी किंवा टू-के प्रायमरला ती छटा देऊन घ्या.

वरचा रंग आणि मिठाचे खडे

वरचा रंग लावण्याआधी टवक्यांची सोय करायची. टवके ब्रशने काढण्यापेक्षा खाली काहीतरी ठेवून वरून रंग मारायचा आणि ते उडवून द्यायचं, कड आपोआप खरी येते. जाडं मीठ सगळ्यात सोपं. जागा पाण्याने हलकी ओलसर करा, खडे विस्कटून टाका, पाणी पूर्ण सुकू द्या, मग रंग. रंग थिनरमध्ये चालणारा हवा. पाण्यात चालणाऱ्या रंगात मीठ विरघळतं. रंग सुकल्यावर बोटाने खडे झाडले की खालचा गंज टवक्याच्या आकारात उघडा होतो. यानंतर भरपूर पाण्याने धुवायचं, पुन्हा धुवायचं आणि कोरडं करायचं. क्लिअरखाली मिठाचा अंश राहिला तर तो थरातून ओल खेचून घेतो आणि फुगे येतात. ही भीती नको असेल तर सुकल्यावर सोलून निघणारं पातळ रबरी मास्किंग द्रव ब्रशने ठिपक्यांत लावा. पेट्रोलियम जेली लावून टवके काढण्याची युक्ती बरेचजण सांगतात. मी ती गाडीवर वापरणार नाही, कारण तिचा तेलकटपणा राहिला की क्लिअर तिथे धरत नाही.

वरचा रंग सगळीकडे सारखा झाकला जाईल असा मारू नका. दोन पातळ हात पुरे. गंजाच्या कडांशी एकच. दुसऱ्या हातात बॉनेट, छत आणि खांद्यांसाठी त्याच रंगात थोडा पांढरा आणि कणभर राखाडी मिसळून फिकी छटा करा आणि ती मध्याकडून कडेकडे विरळ करत आणा. निव्वळ पांढरा घातला तर रंग बाळबोध दिसतो. राखाडीने त्याचा तजेला जातो, आणि आपल्याला तेच हवं आहे.

घासणं

रंग डब्यावर सांगितलेल्या वेळेपर्यंत पक्का होऊ द्या. कच्च्या रंगावर कागद फिरवला तर तो झिजण्याऐवजी गोळे होऊन निघतो. सुरुवात ८०० च्या वॉटर पेपरने, भरपूर पाणी आणि थेंबभर साबण घालून. कडा विरघळवायला १०००, शेवटी १५००. यंत्र नको, हातच. आखणीचा कागद समोर ठेवून आधी उंचवट्यांच्या धारा, मग हाताच्या जागा, मग गंजाच्या कडा.

दाब बोटाने द्यायचा की ठोकळ्याने, हे जागेवर ठरतं. धारेवर कागद ठोकळ्याला गुंडाळून दोन-तीन फेरे लांबीच्या दिशेने मारले की बारीक, खरी वाटणारी रेघ उघडते. गंजाच्या डागावर मात्र बोटाने, मध्यावर जास्त आणि बाहेर जाताना हलकं, म्हणजे आधी गंज दिसतो, भोवती रेड ऑक्साइडचं कडं, मग फिका होत गेलेला रंग. हे कडं कुठे जाड, कुठे केसाएवढं, कुठे नाहीच असं हवं. सगळ्या डागांना सारखी किनार आली तर नकाशावरची बेटं दिसतात. गोल गोल घासू नका. खरी झीज धुण्या-पुसण्याच्या दिशेने असते: बॉनेटवर पुढे-मागे, दारांवर आडवी.

दर दोन मिनिटांनी थांबून जागा पाण्याने ओली करा आणि बघा. ओल्या पृष्ठभागावर रंग जसे गडद दिसतात साधारण तसेच ते क्लिअरखाली दिसणार आहेत. कोरड्यावर बघून 'अजून थोडं' म्हणत घासत गेलं की क्लिअर पडल्यावर गाडी अपेक्षेच्या दुप्पट गंजलेली दिसते. शिवाय दहा पावलं मागे जाऊन बघणं आलंच. जवळून सुंदर दिसणारा बारीक तपशील तिथून चिखल वाटतो.

कुठे मूळ कंपनीच्या थरापर्यंत पोचलात तर थांबा, सीलरचा हात द्या आणि तेवढी जागा पुन्हा उभी करा.

ओघळ आणि डाग

आता गंज पाण्यातून वाहतो. ॲक्रिलिकचा नारिंगी तपकिरी भरपूर पाण्यात पातळ करा, थेंबभर साबण घाला. ओघळ जिथून सुरू होतो तिथे, म्हणजे टवक्याच्या खालच्या टोकाला किंवा रबराच्या कोपऱ्यात, ब्रशचं टोक टेकवा आणि ओलसर सपाट ब्रशने सरळ खाली ओढा. वर गडद, खाली जाता जाता नाहीसा. लांबी प्रत्येकाची वेगळी. पत्र्याच्या घडीशी पोचला की ओघळ तिथे थोडा आडवा पसरतो आणि पुढच्या खालच्या जागेतून पुन्हा सुटतो. पाणी तसंच करतं. मनासारखा नाही आला तर ओला असतानाच पुसा. सहा चांगले ओघळ तीस बऱ्यांपेक्षा जास्त काम करतात.

मोठ्या टवक्यांभोवती त्याच पातळ रंगाची अगदी फिकी, पिवळट झाक द्या. रंगावर चढलेला हा डागच गंज जिवंत असल्यासारखा भास देतो.

लोखंडाची भुकटी असलेले रंगही मिळतात; ते लावून वर ॲक्टिव्हेटर, म्हणजे गंज आणणारं द्रावण, मारला की काही तासांत खरा गंज येतो. दिसायला त्याला तोड नाही. पण तो खरा आहे हाच त्याचा दोष: ओल लागली की चालू राहतो, क्लिअरमधून डाग सोडतो. वापरायचाच तर तळहाताएवढ्या दोन-तीन जागी, खाली पूर्ण इपॉक्सीचा थर ठेवून, आणि झाल्यावर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने निष्प्रभ करून, धुऊन, हेअर ड्रायरने कोरडा करून. घरगुती ॲक्टिव्हेटर बनवताना हायड्रोजन पेरॉक्साइड आणि व्हिनेगर एका बाटलीत साठवू नका. त्यातून जळजळीत परॲसेटिक ॲसिड तयार होतं आणि बंद बाटलीत दाब वाढतो. व्हिनेगरमध्ये ब्लीच तर कधीच नाही, विषारी क्लोरिन वायू सुटतो.

दारावर पुसट झालेली जुनी अक्षरं हवी असतील तर ती वरच्या रंगानंतर, घासण्याच्या आधी, स्टेन्सिलने एका हातात काढा आणि पत्र्यासोबतच घासा. एखाद्या काल्पनिक दुकानाचं नाव ठेवा. अक्षरं काढून टाकल्यासारखी दाखवायची असतील तर उलट करा: अक्षरांची जागा मूळ गडद रंगात राखून भोवतालचा रंग फिका करा. उन्हात वर्षानुवर्षं असलेलं स्टिकर निघालं की नेमकं असंच दिसतं. मला ही दुसरी तऱ्हा जास्त भावते.

क्लिअर

चकचकीत क्लिअरखाली गंज ओला आणि प्लास्टिकचा दिसतो. अगदी मॅट कोट धूळ आणि बोटांचे ठसे धरतो. साटीन, म्हणजे अर्धवट चमक, हा माझ्या मते योग्य पर्याय. टू-के आणि अतिनील किरण रोखणाराच घ्या. स्प्रे कॅनमधला साधा एकघटकी क्लिअर पेट्रोल सांडलं की विरघळतो.

साटीन आणि मॅट क्लिअरला स्वभाव असतो. चमक कमी करणारी पूड तळाशी बसते, म्हणून नीट ढवळा. दोन हातांच्या मधे पहिला हात पूर्ण मंद होईपर्यंत थांबा, नाहीतर थिनर आत अडकून कुठे चमक, कुठे डाग असे पट्टे येतात. सगळी गाडी एकाच मिश्रणातून, एकाच बैठकीत. स्पंज-ओघळांचे ॲक्रिलिक भाग आधी अगदी विरळ धुक्यासारख्या हाताने पकडून घ्या आणि ते सुकल्यावर पूर्ण हात द्या. एकूण दोन हात बास. जाडी वाढवत नेली की रंग खडी लागताच मोठ्या खपल्यांनी सुटतो.

बंपर, सेन्सर आणि चाकं

प्लास्टिक गंजत नाही, फिकं पडतं, ओरखडतं आणि तडकतं. बंपरवर गाडीचा रंग जास्त फिका करा, कोपऱ्यांवर घासून खालचा करडा प्लास्टिकी रंग दाखवा. फार तर बॉनेटवरून ओघळलेला एखादा डाग. रंगात आणि क्लिअरमध्ये लवचिकपणा देणारं द्रव्य मिसळा, आणि कुठे उघडं प्लास्टिक असेल तर आधी पकड वाढवणारा प्रायमर.

आधुनिक गाडीत बंपरमधली गोल बटणं पार्किंगची सेन्सर असतात. त्यांच्यावर थर चढवू नका. पुढच्या नावपट्टीमागे किंवा बंपरमागे रडार असेल तर त्या भागावर जाड थर, मेटॅलिक रंग आणि लोखंडाच्या भुकटीचा रंग पूर्ण वर्ज्य. धातूचे कण रडारची लहर अडवतात आणि आपोआप ब्रेक लावणारी व्यवस्था गडबडते. कुठे काय आहे ते गाडीच्या पुस्तिकेत बघा.

नव्या कोऱ्या मिश्रधातूच्या चाकांवर सगळी मेहनत वाया जाते. साधी पोलादी चाकं बसवा, नटांभोवती आणि कडेला थोडा गंज. ब्रेकच्या चकत्या, नट बसतात ती जागा आणि चाक टेकतं तो पृष्ठभाग यांना रंग लागू देऊ नका.

नंतर

महिनाभर गाडी यंत्राने धुऊ नका, मेण लावू नका. पुढेही साटीनवर पॉलिश चालत नाही, घासून चमकवला तर तेवढाच भाग चकाकतो. नुसतं सौम्य शाम्पू आणि मऊ फडकं. ओरखडा पडला तर तेवढाच भाग क्लिअर करून जुळत नाही, अख्खा पत्रा करावा लागतो. दारांची पाणी जाण्याची भोकं रंगाने किंवा टेपच्या तुकड्याने बुजलेली नाहीत हे एकदा तारेने तपासा.

अशा गाडीची एक वेगळीच अडचण असते: खरा गंज धरला तरी मालकाच्या लक्षात येत नाही. म्हणून काम संपल्यावर प्रत्येक पत्र्याचे जवळून फोटो काढून ठेवा आणि वर्षातून दोनदा गाडी धुतल्यावर ते समोर धरून बघा. नवा डाग दिसला तर नखाने चाचपा. आपला गंज क्लिअरखाली गुळगुळीत लागतो. खरा फुगतो, क्लिअर फोडतो आणि पांढऱ्या ओल्या फडक्याला रंग सोडतो. तसा सापडला की त्याच आठवड्यात चकचकीत पत्र्यापर्यंत घासा, इपॉक्सी द्या आणि उरलेल्या स्पंजाने वर पुन्हा खोटा गंज काढा. त्यासाठी प्रत्येक रंगाची छोटी बाटली, छटेचं प्रमाण लिहून, बाजूला ठेवलेली बरी.